उतारावर गार्डन ट्रॅक्टर: इंजिन कशाने बिघडते आणि कसे टिकते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चढउताराच्या जमिनीवर गवत कापणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होते: ‘सपाटीवर मस्त चालतो हो, पण उतारावर गेला की...’ पुढचे काय ते बदलते. कुणाचा धूर काढतो, कुणाचा बंद पडतो, आणि कुणाच्या इंजिनाचा (पिस्टनला जोडलेला) रॉड तुटून ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, भोक पडलेले असते. खालची उत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहेत, कारण बहुतेक गार्डन ट्रॅक्टरांत तीच असतात.

उतारावर गवत कापल्याने इंजिन खरेच लवकर जाते का?

जाऊ शकते, पण बहुतेकांना वाटते त्या कारणाने नाही. ‘चढावर ओढून ओढून इंजिन थकले’ असे म्हणतात. जरा हिशेब करू. ट्रॅक्टर आणि चालवणारा मिळून ३५० किलो वजन धरा, चढ १५ अंशांचा, वेग ताशी ५ किलोमीटर. हे वजन वर चढवायला लागणारी शक्ती होते सुमारे १.२ किलोवॅट. ट्रान्समिशनमध्ये वाया जाणारी धरली तरी दोन किलोवॅटच्या आसपास. वीस हॉर्सपॉवरचे इंजिन पंधराएक किलोवॅट देते. म्हणजे चढाचा भार इंजिनाला जाणवतो जरूर, पण त्याचे कंबरडे मोडेल एवढा तो नसतो. उंच, ओल्या गवतात ब्लेड फिरवायला याहून जास्त शक्ती जाते, आणि ते काम सपाटीवरही असतेच.

खरा घात ऑइल करते. इंजिन कलते, ऑइलची पातळी मात्र आडवीच राहते. जिथे ऑइल हवे तिथून ते सरकते आणि नको तिथे जाऊन बसते. या पानावरचे निम्मे प्रश्न शेवटी इथेच येऊन पोहोचतात.

इंजिन कलल्यावर आत नेमके काय होते?

इंजिनाच्या तळाचा, ऑइल साठणारा चेंबर (क्रँककेस) २५ सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. १५ अंश कलल्यावर एका कडेची ऑइलची पातळी दुसऱ्या कडेपेक्षा साडेसहा सेंटिमीटरहून अधिक वर जाते. मुळात चेंबरमध्ये ऑइल असते ते काही सेंटिमीटर खोलीचे. त्यामुळे वरच्या बाजूचा तळ जवळजवळ कोरडा पडतो.

आता हे ऑइल वर कसे पोहोचते ते पाहा. साध्या इंजिनांत पंप नसतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, आडवा असेल तर त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोकाला पळीसारखा एक तुकडा असतो. तो दर फेरीला ऑइलमध्ये बुडतो आणि शिंतोडे उडवतो. क्रँकशाफ्ट उभा असेल तर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरवर फिरणारी, पाती असलेली एक चकती तेच काम करते. पळी ऑइलपर्यंत पोहोचली नाही की शिंतोडे बंद. पंपाच्या इंजिनात चेंबरच्या तळाशी जाळीचे तोंड असते आणि तिथून ऑइल ओढून दाबाने बेअरिंगकडे जाते. ते तोंड उघडे पडले की पंप हवा ओढतो. दोन्हींत परिणाम एकच.

पहिला बळी जातो कनेक्टिंग रॉडचा. या वर्गातल्या कितीतरी इंजिनांत रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि वेगळी बेअरिंग न घालता थेट क्रँकशाफ्टच्या पिनवर (क्रँकपिनवर) फिरतो. मध्ये असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. तो गेला की अ‍ॅल्युमिनियम पिनला चिकटू लागते, रॉड जॅम होतो आणि तुटतो. एका दिवसात असे झाले असे वाटते, पण खरे तर दहा-वीस सेकंदांचे उपास अनेक महिने घडलेले असतात.

माझ्या इंजिनात पंप आहे की नाही, हे कसे ओळखू?

बाहेरून फिरवून बसवलेला ऑइल फिल्टर दिसत असेल तर पंप आहे. फिल्टर नसेल तर बहुधा शिंतोड्यांवरचे इंजिन, पण काही इंजिनांत फिल्टर नसूनही लहान पंप असतो. इंजिनाच्या कव्हरवरचा मॉडेल क्रमांक घेऊन त्याची पुस्तिका पाहणे उत्तम.

किती अंशांपर्यंत चालवता येते?

इथे दोन मर्यादा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक इंजिनाची, दुसरी ट्रॅक्टरची.

पंप असलेल्या अनेक दोन सिलिंडरच्या इंजिनांना उत्पादक २५ अंशांपर्यंत परवानगी देतात, तीही ऑइल ‘फुल’ खुणेपर्यंत असताना. शिंतोड्यांवर चालणाऱ्यांची मर्यादा साधारणपणे याहून कमी असते. ट्रॅक्टरची पुस्तिका उघडली तर तिथे मात्र बहुधा १५ अंशांचा आकडा सापडतो, काही ठिकाणी १० चा. त्यापुढे धोका उलटण्याचा असतो. याचा सरळ अर्थ असा की चांगल्या स्थितीतल्या इंजिनाची मर्यादा येण्याआधी तुमची स्वतःची येते.

म्हणूनच माझे मत थोडे कडवट आहे. पुस्तिकेने दिलेल्या मर्यादेच्या आत असताना इंजिन कुरकुरत असेल, तर उताराला शिव्या देण्याआधी बॉनेट उघडा. ऑइल कमी असेल, फिन्स (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) बुजल्या असतील, ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी झडप) किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या वरच्या हेडमधले सील) गेलेले असेल. सपाटीवर हे दोष झाकलेले राहतात.

माझा उतार किती अंशांचा आहे, कसे मोजू?

मोबाइलमधले कोन मोजणारे अ‍ॅप चालते, पण फोन थेट गवतावर ठेवू नका; एक मीटरभर लांब सरळ फळी ठेवून तिच्यावर ठेवा. अ‍ॅप नको असेल तर गवंड्याची पद्धत वापरा. एक मीटरची पट्टी घ्या, वरचे टोक जमिनीला टेकवा, लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. १८ सेंटिमीटर आले तर उतार १० अंशांचा, २७ आले तर १५, ३६ आले तर २० आणि ४७ आले तर २५.

टक्के आणि अंश यांत फसू नका. १५ टक्के म्हणजे फक्त साडेआठ अंश. १५ अंश म्हणजे जवळजवळ २७ टक्के. ‘माझा उतार तीस टक्के आहे, पुस्तिकेत पंधरा लिहिलंय, म्हणजे दुप्पट झाला’ असे घाबरून विचारणारे भेटतात. ते असतात पावणेसतरा अंशांवर. मर्यादेबाहेरच, पण दुप्पट नव्हे.

शिवाय फळीने मोजलेला कोन हा सरासरीचा असतो. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांत ८० सेंटिमीटर अंतर असेल आणि खालच्या बाजूचे चाक १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेले, तर तेवढ्यापुरते सात अंश वाढतात. उंदीर-घुशींची बिळे, पावसाने पडलेल्या घळी, झाडाची उघडी मुळे यांचा हिशेब कोणतेही अ‍ॅप करत नाही. उतार आधी पायी फिरून पाहा. खालच्या बाजूच्या टायरची हवा कमी असेल तरी अंश-दीड अंश फुकट जातो.

सरळ वर-खाली कापू की आडवे?

बसून चालवायच्या ट्रॅक्टरने सरळ वर-खाली. ढकलत न्यायच्या मशिनने आडवे. हा नियम जिवासाठी आहे, इंजिनासाठी नाही, आणि दोन्हींत विरोध आला तर जिवाचेच ऐकायचे.

इंजिनाच्या बाजूने पाहिले तर कुठली दिशा वाईट हे जाळीचे तोंड चेंबरमध्ये कुठे आहे यावर ठरते, आणि ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे. एवढे मात्र सर्वांना लागू आहे की आडवे चालताना इंजिन एकाच बाजूला बराच वेळ कललेले राहते. शंभर मीटरची आडवी फेरी म्हणजे ताशी ५ किलोमीटरने मिनिटाहून जास्त वेळ. वर-खाली करताना दर फेरीला कल उलटतो आणि ऑइलला परत यायला संधी मिळते.

कोणी फारसे बोलत नाही असा एक मुद्दा म्हणजे वळण. गाडी वळताना आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, तसेच ऑइलही जाते. ताशी ६ किलोमीटरच्या वेगाने दीड मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर ऑइलला ते सुमारे ११ अंशांच्या कलाइतके वाटते. उतारावर आडवे जाताना चढाच्या बाजूला झटकन वळलात तर हे ११ अंश मूळ उतारात मिळतात. १० अंशांच्या साध्या उतारावरही ऑइलच्या दृष्टीने २१ अंश झाले. आणि तुम्हीसुद्धा त्याच ऑइलच्या दिशेने झुकत असता, हे विसरू नका. वेग ताशी ४ किलोमीटरवर आणला तर तीच भर पाच अंशांच्या आत येते. वळण शक्यतो माथ्यावर किंवा पायथ्याशी, सपाट जागेत घ्या. उतारावर घ्यावेच लागले तर अगदी हळू.

उतारावर निळा धूर येतो. इंजिन गेले का?

लगेच तसे समजू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच. प्रश्न ते कुठून आले हा.

सर्वांत नेहमीचा रस्ता ब्रीदरचा. क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी ही झडप एका नळीने एअर फिल्टरच्या बाजूला जोडलेली असते. इंजिन त्या बाजूला कलले आणि ऑइल तिथपर्यंत पोहोचले की ते नळीतून आत ओढले जाते आणि धूर येतो. एअर फिल्टर काढून पाहा: ऑइलने ओला झालेला असेल तर रस्ता सापडला. दुसरा प्रकार व्ही-ट्विनचा, म्हणजे ‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाचा. आडवे चालताना खालच्या बाजूच्या सिलिंडर हेडमध्ये ऑइल साचते. परतीची वाट गाळाने अरुंद झाली असेल तर ते तिथेच तुंबते आणि व्हॉल्व्हच्या बाजूने आत गळते.

सपाटीवर आल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत धूर थांबत असेल तर आधी ऑइल जास्त भरलेले नाही ना ते पाहा, मग ब्रीदरची झडप. थांबतच नसेल तर पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) आणि हेड गॅस्केट यांच्यावर संशय घ्या. एक सिलिंडरच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह (हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या) इंजिनांत गॅस्केट सिलिंडर आणि पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याच्या) पोकळीच्या मधे फुटते तेव्हा ज्वलनाचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ब्रीदरमधून ऑइल बाहेर ढकलतो. बाहेरून थेंबही गळत नाही, आणि माणूस उगाच रिंगा बदलत बसतो. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकणारी लीक-डाउन चाचणी हे दहा मिनिटांत सांगते.

मग ऑइल थोडे जास्तच भरून ठेवले तर?

नको. तर्क मोहक आहे, पण जादा ऑइल क्रँकने घुसळले जाते, त्यात फेस होतो आणि पंप फेस ओढू लागला की दाब पडतो. वर ब्रीदरचा धूर ठरलेलाच.

बरोबर पातळी म्हणजे सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेला टेकलेली. दोन खुणांच्या मधे कुठेही चालते हा नियम सपाटीपुरता ठीक; उतारावर जाणाऱ्याने वरची खूण गाठावीच. एक सिलिंडरच्या इंजिनात साधारण १.४ लिटर ऑइल बसते, व्ही-ट्विनमध्ये १.९ लिटरच्या आसपास. १.४ मधले ३०० मिलिलिटर कमी झाले तर पाचवा हिस्सा गेला. दर वेळी सुरू करण्याआधी पाहा, आणि काम दोन-तीन तासांचे असेल तर मधे पेट्रोल भरताना पुन्हा. हे एवढे एक काम केले तरी निम्मी इंजिने वाचतील असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सिंथेटिक ऑइल घातल्याने फरक पडेल का?

उष्णतेत पडेल. सिंथेटिक तापल्यावर कमी पातळ होते आणि लवकर जळत नाही. पण जाळीचे तोंड उघडे पडले असेल तर महागडे ऑइलही तितकेच दूर असते. पुस्तिकेत दिलेला ग्रेड (ऑइलच्या दाटपणाचा क्रमांक) वापरा. कडक उन्हात काही इंजिने एसएई ३० पेक्षा १०डब्ल्यू-३० जास्त खातात, तेव्हा ग्रेड बदलल्यावर पहिले काही दिवस डिपस्टिकवर जास्त लक्ष हवे.

चढावर इंजिन बंद पडते, खाली आले की लगेच सुरू होते. हाही ऑइलचाच त्रास?

बहुधा नाही. हा पेट्रोलचा किंवा विजेचा प्रश्न आहे.

टाकी सीटखाली मागे आणि इंजिन पुढे असेल तर चढावर टाकी खाली जाते आणि इंजिन वर. इंधनपंपाला पेट्रोल जास्त उंच उचलावे लागते. हा पंप पुष्कळदा क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. त्याच्या नळीला बारीक चीर असली तरी सपाटीवर भागते, चढावर भागत नाही. टाकी पाव भरलेली असेल तर आतल्या नळीचे तोंड उघडे पडते. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल तर काही वेळाने पेट्रोल येणेच थांबते. झाकण सैल करून इंजिन सुधारले तर दोष तिथे.

कार्ब्युरेटरचा फ्लोट (त्याच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) हाही कलतो. त्यामुळे वाटीतली पातळी एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी दिसते. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ओव्हरफ्लो. आचके देत, फटाके वाजवत बंद पडत असेल तर पेट्रोल कमी.

आणि सर्वांत आधी पाहायची गोष्ट: सीटचा स्विच. चढावर माणूस तोल सावरायला पुढे झुकतो, सीटवरचे वजन हलके होते, स्विच समजतो की चालक उतरला, आणि इंजिन बंद करतो. यासाठी कार्ब्युरेटर खोलून बसलेले लोक मी पाहिले आहेत. स्विच ढिला किंवा गंजलेला असेल तर बदला. वायर जोडून तो निकामी मात्र करू नका. ट्रॅक्टर उलटताना तोच ब्लेड थांबवतो.

थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारा दांडा) अर्धा ठेवला तर इंजिनाला आराम मिळेल ना?

उलट होते. थंड करणारा पंखा फ्लायव्हीलवर (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर) असतो, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी झाले की हवाही कमी. ऑइलचा पंप आणि शिंतोडेही फेऱ्यांवरच चालतात. भार तोच, हवा कमी आणि ऑइल कमी, हा सर्वांत वाईट मेळ. कापताना थ्रॉटल पुढे पूर्ण ठेवा, म्हणजे इंजिन बहुधा ३३०० ते ३६०० फेऱ्यांच्या आसपास फिरेल, आणि आराम द्यायचा तो चाकांचा वेग कमी करून.

हवेचा विषय निघालाच आहे तर फिन्स. वरून जाळी झाडली म्हणजे झाले, असे नाही. बारीक गवत जाळीतून आत जाते आणि पत्र्याच्या कव्हरखाली सिलिंडरच्या फिन्समध्ये चटईसारखे बसते. कुठे ऑइल झिरपत असेल तर ती चटई पक्की होते. हंगामात किमान एकदा कव्हर काढून साफ करा. कोरड्या, धुळीच्या गवतात जास्त वेळा. हेड तापले की ऑइल पातळ होते, आणि पातळ झालेले ऑइल उतारावर आणखी लवकर दगा देते.

उतारावर ऑइलचा दिवा लागला तर काय करू?

ब्लेड बंद, ब्रेक लावा, इंजिन बंद. ‘एवढी फेरी संपवू’ हा विचार इंजिनाच्या किमतीचा असतो. दाबाचा स्विच दाब जवळजवळ संपल्यावरच बोलतो, त्यामुळे दिवा लागला म्हणजे उपाशी राहण्याची सुरुवात आधीच झालेली असते. सपाटीवर आणून पातळी तपासा. पातळी बरोबर असूनही त्याच उतारावर दिवा पुन्हा लागत असेल तर तो उतार त्या ट्रॅक्टरचा नाही.

थोड्या वेळाने चढावर ट्रॅक्टर ओढतच नाही, इंजिन मात्र जोरात चालते.

हे इंजिन नव्हे, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाके फिरवणारी यंत्रणा. त्यातले ऑइल तापून पातळ होते आणि आतल्या आत निसटते. हलक्या ट्रॅक्टरांत हा भाग इंजिनाच्या आधी हार मानतो. त्याच्या पंख्याची पाती आणि पट्टा तपासा, वरचे गवत काढा, अर्धा तास थंड होऊ द्या.

उतरताना न्यूट्रलमध्ये सोडले तर पेट्रोल वाचेल?

वाचेल थोडे. ब्रेक गेले की बाकी काही वाचणार नाही. गिअरमध्येच, हळू उतरा.

वापरलेला ट्रॅक्टर उतारासाठी घेतो आहे. काय पाहू?

इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर का, ते विचारा. डिपस्टिक काढून ऑइल उन्हात धरा. चांदीसारखी चमक दिसली तर ती अ‍ॅल्युमिनियमची असू शकते, आणि ती कुठून येते ते वर सांगितलेच आहे. एअर फिल्टर ओला आहे का पाहा. मग दहा मिनिटे चालवून, जवळच्या चढावर दोन्ही दिशांनी पाच मिनिटे न्या आणि सपाटीवर आल्यावर मागचा धूर बघा. पंप आणि फिल्टर असलेले इंजिन घ्या. शिंतोड्यांवरचे कितीही स्वस्त मिळाले तरी उतारासाठी मी घेणार नाही.

उतार २० अंशांहून जास्त आहे. काहीच उपाय नाही का?

बसून चालवायच्या ट्रॅक्टरने नाही. वजने लावून, जोडचाके बसवून कल सहन होतो तो चाकांना. चेंबरमधले ऑइल तिथेच सरकते. अशा जागी गवताऐवजी जमीन धरून ठेवणारी, कापावी न लागणारी पसरट झुडपे लावणे सर्वांत सोपे. कापायचेच असेल तर खास उतारासाठी बनवलेले, दुरून रिमोटने चालवायचे मशिन किंवा खांद्यावरचा ब्रश कटर. दोन स्ट्रोकच्या ब्रश कटरमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटऐवजी पडदा असतो, म्हणून तो आडवा धरा, उलटा धरा, त्याला काहीच फरक पडत नाही.